गाव फिरून आलेला जोड

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ जिथं चुकेल तिथं वाचणाऱ्यानं आपल्या मनानं नीट करून घ्यावं आणि मला माफ करावं. अक्षरही वाकडं येतं. त्यात शाळेचा दोष नाही, पोळपाट उलटा करून त्यावर वही ठेवते, त्याचा आहे. एरवी मी लिहिलंच नसतं. पण आमच्या घरातला बुटांचा एक जोड, आत पाय नसताना, सगळं गाव फिरून घरी परत आला. ही गोष्ट गावात प्रत्येकजण वेगळी सांगतो. खरी एकदा कुठंतरी असावी, म्हणून लिहिते. कुणाला दाखवणार नाही.

आमचं गाव उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या पाठीमागं. आमचे हे तिथल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. मी तिथल्याच एका खानावळीला चपात्या लाटून देते. मुलगी सुप्रिया, एकुलती, कॉलेजला जाते. भिंतीला भिंत लागून थोरल्या जाऊबाईंचं घर. त्यांना सगळा गाव आक्का म्हणतो, मीही म्हणते. आक्काला भुताखेतांची माहिती आहे. ती कुठून मिळाली हे विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही.

सुप्रियाला भिंती चढायचा नाद लागला. उद्यमबागेत एक बंद पडलेलं शेड आहे. तिथं एका सरांनी फळ्यांची भिंत उभी केली आणि तिला रंगीत दगडासारखे खुंटे बसवले. मुलं ते खुंटे धरून वर जातात. दोरी नाही, काही नाही, खाली फक्त गाद्या. भिंत सरळ असती तर गोष्ट वेगळी. पण ती पुढं वाकत वाकत डोक्यावर येते, म्हणजे चढणाऱ्याची पाठ जमिनीकडं आणि पोट छताकडं. (हे काम देवानं पालीला दिलेलं आहे.) पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पदर डोळ्यांवर घेतला आणि सुप्रिया उतरेपर्यंत काढला नाही.

संघात कोण जाणार याची निवड पुढं एका रविवारी होती. सुप्रिया साध्या कॅनव्हासच्या बुटात चढायची आणि डोक्यावरच्या भागात पोचली की पाय निसटायचा. सर म्हणाले, या भिंतीला चांगले चढायचे बूट पाहिजेत, नाहीतर विषय सोड. ती विषय सोडणारी नाही. म्हणून आम्ही दोघी खडेबाजारात गेलो.

दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजेत? सुप्रिया म्हणाली, उलटं चढायला. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग शाळेचे बूट काढून दिले. मी सवयीनं टोकाला अंगठा दाबून बघितला. आमच्यात पायताण घेताना अंगठाभर जागा सोडतात, पोर वाढली की पुरतं. सुप्रिया म्हणाली, "आई, अंगठाभर कमी पाहिजे. आत बोटं आखडून बसली पाहिजेत."

दुकानदारानं खोक्याचं झाकण लावलं. "मावशी, आमच्याकडं लोक पाय दुखतोय म्हणून बूट परत आणत्यात. दुखत न्हाय म्हणून परत आणणारं गिऱ्हाईक पयलंच."

शेवटी सरांनी पुण्याच्या एका दुकानातून तीन जोड बघायला मागवून दिले. एक ठेवायचा, दोन परत. एका जोडाचे पैसे आधी भरायचे, आणि परत जाणाऱ्या जोडांच्या तळव्याला ओरखडा नको. पैसे मी आक्काकडून आणले. तिची म्हैस दुभती होती. "पायताणाला एवढं? आत सोनं घालून देत्यात काय?" असं म्हणत आक्कानं दिले. आक्का बोलते फार, पण देते.

जोड आले. सुप्रियानं मधल्या खोलीतल्या फडताळात मांडून ठेवले.

पहिला सरळ, लेसवाला, तळवा फळीसारखा कडक. दुसरा थोडा वाकलेला, दोन पट्ट्यांचा. हे दोन्ही बूट होते, असं मी म्हणू शकते. तिसऱ्याबद्दल तसं म्हणवत नाही. तो काळा, एका पट्टीचा, तळव्याला मऊ. नाक घारीच्या चोचीसारखं खाली वळलेलं, आणि दोन्ही नाकं आतल्या अंगाला झुकलेली. टाचेला रबर, बोटांच्या वरच्या बाजूलाही रबर. जमिनीवर ठेवला तर टाच आणि टोक तेवढं टेकायचं, मधून उजेड दिसायचा. रिकामा असून आत पाय असल्यासारखा उभा राहायचा. अंधुक उजेडात डावा कुठला आणि उजवा कुठला ते कळायचं नाही. कुणीतरी पाय उलटे लावून उभं आहे असंच वाटायचं.

उलट्या पायांची कोण असते हे मला चौथीच्याही आधीपासून माहीत आहे. माझं माहेर निपाणीकडं. तंबाखूच्या शिवारातून सांजेला परत येताना आई सांगायची, समोरून बाई आली तर तोंडाकडं बघू नको, पायाकडं बघ. त्यामुळं आजही मी माणसांना पायावरून ओळखते. (लाजाळू बाईला ते सोयीचंही पडतं.)

सुप्रियानं मला तिन्ही समजावून सांगितले. उभ्या भिंतीवर पायानं ढकलायचं असतं, बारीक कडेवर उभं राहायचं असतं, तिथं पहिला बरा. पण भिंत डोक्यावर आली की पायानं ओढावं लागतं. नाक गळासारखं खुंट्यात अडकतं, टाच मागून अडकते, नाहीतर अंग खाली लोंबतं. "पायाचा हात करायचा असतो, आई," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, असलं संध्याकाळी बोलू नको.

तिचं ठरत नव्हतं. तिसऱ्यात पाय फार दुखत होता आणि मऊ तळव्यावर तिचा भरवसा नव्हता. शेडमध्ये घालून बघावं तर तळव्याला काळं लागणार. घरात बघू म्हणाली. मधल्या खोलीत आमचा लाकडी माळा आहे, त्याच्या तुळया चांगल्या आहेत म्हणाली. मी नाही म्हटलं. माळ्याखाली देव्हारा आहे. देवाच्या डोक्यावर पाय चालणार नाही. ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मी खानावळीत चपात्या देऊन आले आणि फडताळ बघितलं. सकाळी तिसऱ्या जोडाचं तोंड मी भिंतीकडं करून ठेवलं होतं. आता ते खोलीकडं होतं. मी परत वळवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी जोड फडताळात नव्हताच. देव्हाऱ्यासमोर होता, नाकं आत वळवून, जणू नमस्काराला आला होता. घरात कुणी नव्हतं. आमचे हे त्या आठवडाभर दुसऱ्या पाळीला, सुप्रिया कॉलेजला गेलेली. मी चिमट्यानं उचलून जागेवर ठेवला आणि त्या दिवशी चपात्या अंगणात लाटल्या.

शुक्रवारी अमावास्या होती. सुप्रिया मैत्रिणीकडं मुक्कामाला गेली होती. दिवेलागणीला लाईट गेली. मी समई लावली. समईचा उजेड बल्बासारखा खाली पडत नाही, वर चढतो. त्या उजेडाबरोबर माझी नजरही वर गेली.

माळ्याच्या खालच्या अंगाला पांढरे हात उमटले होते.

पाच बोटं, तळवा, परत पाच बोटं. भिंतीच्या कोपऱ्यातून निघून, तुळई तुळई करत, देव्हाऱ्याच्या बरोबर वरपर्यंत आले होते आणि तिथं थांबले होते. पायाचा ठसा एकही नव्हता. वर गेलेले हात होते, खाली आलेले नव्हते. म्हणजे जे काही होतं ते अजून वरच होतं.

लांब फाउंड्रीत घण पडत होता. त्या आवाजाबरोबर समईची ज्योत हलायची आणि ज्योतीबरोबर ती बोटं. मी ओरडले नाही. मला ओरडायची सवय नाही. मी पाठ न वळवता उंबऱ्यापर्यंत मागं मागं गेले आणि मग आक्काच्या घरी पळाले.

आक्का आली. वर बघितलं, फडताळात बघितलं, तिसऱ्या जोडापाशी वाकून वास घेतला.

"कुठनं आणलंय हे?"

"पुण्यासनं."

"तरीच." जणू पुण्याची सगळी पायताणं तिनं तपासलेली होती. "कुणीतरी पडून मेलंय यातनं. आता पाय शोधायलंय ते."

मी म्हटलं, नवा आहे, डब्यातून आलाय. आक्का म्हणाली, डबा नवा असतोय. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पोरगी परवा यात पाय घालणार. पाठ जमिनीकडं करून. मला काय न्हाय, बघ तू."

पैसे, निवड, ओरखडा, काही डोळ्यांपुढं राहिलं नाही. वाकलेल्या भिंतीवरून सुटलेली पोर तेवढी दिसली.

उतारा काढायचं ठरलं. परडीत दहीभात, हळद-कुंकू, लिंबू, आणि मधोमध तो जोड. आक्कानं माझ्यावरून, देव्हाऱ्यावरून, माळ्यावरून ओवाळलं. तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवायला मला पाठवलं, कारण ज्याच्या घरातलं त्यानंच न्यायचं असतं. (आणि आक्काला अमावास्येला बाहेर पडायची भीती वाटते.) मागं वळून बघू नको, हाक आली तरी ओ देऊ नको, असं बजावलं.

गावात अंधार होता. उद्यमबागेच्या बाजूला आभाळ तांबडं दिसत होतं. तिकटीवर परडी ठेवली आणि वळले, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. स्पष्ट. परत घेतलं. मग पावलं वाजली, जवळ आली. मी रामराम म्हणत चालत राहिले, आणि घरात येऊन दार लावलं तरी नाव कानात घुमतच होतं. (दुसऱ्या दिवशी कळलं, गिरणीवाला होता. दळणाची पिशवी विसरले होते, ती घेऊन मागं येत होता. त्यानं पण परडी बघितली आणि पिशवी तिथंच टाकून पळाला.)

शनिवारी सकाळी सुप्रिया हसत आली. फडताळ उघडलं. "आई, ठरलं माझं. तिसरा. कुठाय?"

मी पोळपाट पुसायला घेतला.

"तू चिडू नकोस. मी दोन-तीनदा तुझ्या माळ्यावर घालून बघितला. टाच तुळईला अडकवली आणि हात सोडून उलटी लोंबकळले. पाय सुटलाच न्हाय बघ. बोटं दुखत्यात, पण असा जोड पायात असला तर पडायची भीतीच न्हाय." तिनं वर बघितलं. "हात निसटू नयेत म्हणून चॉक लावलेला, पुसायचा राह्यला काय गं? शेवटी उडी मारून उतरले न्हवं."

मी पोळपाटाकडं बघत तिला सगळं सांगितलं. ती फडताळाला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "लिंबूपण ठेवलंस?"

"चांगलं बघून ठेवलं."

ती तिकटीवर धावली. तिथं कुंकवाचा डाग होता. परडी नव्हती, जोड नव्हता.

आता इथं आमच्या भागाची एक गोष्ट सांगायला पाहिजे. उताऱ्याला कुणी हात लावत नाही. सोन्याची साखळी ठेवली तरी लावणार नाही. त्यामुळं जोड चोरीला गेला असं गावातल्या एकाही माणसाला वाटलं नाही. चोरीला गेला नाही आणि जागेवर नाही, याचा अर्थ एकच होतो, आणि तो पोरांनी शाळेच्या पटांगणात ओरडून सांगितला.

सुप्रिया विचारत निघाली. गिरणीवाला म्हणाला, पहाटे माझ्या दारात होतं, दार उघडून परत लावलं, नंतर बघतो तर न्हाय. शाळेपाशी शिपाई म्हणाला, सकाळी फाटकासमोर उभं होतं, तोंड आत करून. मरगाईच्या देवळाजवळ एक म्हातारी म्हणाली, पायरीला येऊन थांबलं, देवीनं आत घेतलं न्हाय, मग खालच्या आळीला गेलं. प्रत्येक ठिकाणी कुंकवाचा डाग मिळत होता, जोड मिळत नव्हता. सुप्रिया पोचायच्या आधी तो पुढं गेलेला असायचा. आणि तो कसा गेला हे विचारलं की माणसं हातातली काठी मागं धरून आभाळाकडं बघायची.

ती दुपारी घरी येऊन पाणी प्यायली. मी म्हटलं, दुसरा जोड घाल उद्या, तो पण वाकडाच आहे. ती म्हणाली, "आई, तो जरा सैल हाय. डोक्यावरच्या भागात पाय निघतोय. निघाला की मी पडते." आणि परत बाहेर गेली.

मी दिवसभर घरात बसून राहिले. एकच विचार होता. ज्या जोडातून ती पडणार नव्हती, तोच मी तिकटीवर सोडून आले होते.

तिन्हीसांजेला परत लाईट गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून अंगणाची एक पट्टी दिसत होती. बघता बघता त्या पट्टीत एक काळं नाक आलं.

आलं आणि थांबलं.

मग वीतभर पुढं सरकलं. परत थांबलं. शेजारून दुसरं आलं. दोन्ही नाकं उंबऱ्याकडं वळली. कुणी नव्हतं. फक्त रबर दगडावर घासल्याचा आवाज, जुनं माणूस पाय ओढत चालतं तसा. मी भिंतीला चिकटले. जोड पुढं सरकत होता, थांबत होता, सरकत होता, आणि त्याच्या पाठोपाठ, अंधारातून, हळूहळू, माझी कपडे वाळत घालायची काठी आली.

काठीच्या दुसऱ्या टोकाला आक्का होती. डोळे गच्च मिटलेले, तोंडानं मरगाईचा धावा चाललेला.

मी दार उघडलं. आक्कानं एक डोळा उघडला, मला बघितलं, आणि काठी टाकून जी पळाली ती तिच्या घराचं दार लागेपर्यंत थांबली नाही.

मग मला सगळं कळलं. तिकटीच्या घरवाल्यानं आपल्या दारापासून नको म्हणून काठीनं पुढं ढकलला. पुढच्यानं त्याच्या पुढं. हात कुणी लावला नाही, ढकलला सगळ्यांनी. परडी वाटेत मोडली असावी. असा तो सगळं गाव फिरून शेवटी आक्काच्या दारात आला होता, आणि तिथून जायला एकच दार उरलं होतं.

पण खरी गोष्ट पुढंच होती. मी कंदील आणून बघितलं. आम्ही लिंबू एक ठेवलं होतं. जोड लिंबांनी भरला होता. मिरच्या होत्या, बिब्बे होते, काळ्या दोऱ्यात ओवलेले कोळसे होते, कुणाची तरी चिमुकली काळी बाहुली होती. ढकलता ढकलता गावानं संधी साधली होती. आयता उतारा दारात आलाय, मग आपली पण पीडा त्यात घालून पाठवू. कुणाचा ताप, कुणाची आटलेली म्हैस, कुणाचं न जमणारं लग्न, सगळं त्या दोन बुटांत बसून माझ्या उंबऱ्यावर आलं होतं.

आणि उद्या सकाळी माझी पोर त्यात पाय घालणार होती. घालू नको म्हटलं तरी घालणार होती. ती माझ्यासारखी नाही.

मी जोड हातानं उचलला. लिंबं ओतून टाकली. उंबऱ्यावर बसले आणि माझे पाय आत घातले. आधी माझे. जे काही असेल त्यानं मला धरावं, पोरीसाठी शिल्लक राहू नये.

धरलं.

असं धरलं की डोळ्यांत पाणी आलं. बोटं एकमेकांवर चढली, टाच आत ओढली गेली, तळवा कमानीसारखा वाकला. थोडा वेळ बसले. काही पीडा चढल्यासारखं वाटेना, किंवा चढलीही असेल, दुखण्यात कळली नाही. आता काढावा म्हटलं तर निघेना. ओढला, पिरगाळला, उंबऱ्याला टाच घासली. ओढता ओढता अंबाडा सुटला. पट्टी सोडायची असते हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आक्काचं दार वाजवलं. आतून देवीची आरती सुरू झाली. मग मी काठी घेतली आणि सुप्रियाला शोधायला निघाले. त्या बुटात सरळ चालता येत नाही. गुडघे वाकवून, चवड्यांवर, काठीच्या आधारानं, एकेक पाय ओढत जावं लागतं. केस मोकळे. अंधार. मला वाटलं कुणीतरी दिसेल, त्याला हळूच सांगेन. लाजऱ्या बाईला हाक मारणं जमत नाही, म्हणून मी जवळ जाऊन उभी राहायची.

हे मी करायला नको होतं.

गिरणीवाल्याच्या दाराजवळ मी उभी राहिले. त्यानं आधी माझ्या पायांकडं बघितलं. (त्याच्या आईनंही तेच शिकवलं असणार.) त्यानं दार लावलं नाही, तो दारासकट आत पडला. शाळेपाशी शिपाई मला बघून फाटकावर चढला. मग आळीतली दारं एकामागोमाग एक लागत गेली, खट, खट, खट, माझ्या पुढं पुढं, मी पोचायच्या आधीच. सगळ्या गावात मी एकटीच होते. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. मी खाली बघायची आणि मला माझे पाय उलटे दिसायचे.

तिकटीवर सुप्रिया समोरून येत होती. तिनं आधी काठी बघितली, मग पाय, आणि पुढच्या क्षणी ती तिथल्या दगडी कुंपणाच्या टोकावर होती. मी तिला चढताना बघितलंच नाही. चप्पल घालून चढली होती.

"सुपे," मी म्हटलं, "मी हाय. हे निघंना झालंय."

ती वरून बघत राहिली. मग कुंपणावरच बसून इतकी हसली की दोन-तीन दारं उघडून परत लागली. खाली उतरून तिनं माझे पाय मांडीवर घेतले, पट्टी सोडली, टाचेकडनं बूट उतरवला.

"का घातलास गं?"

सांगितलं. तिचं हसू थांबलं. माझी बोटं एकेक करून सरळ करत बसली.

"कुठं दुखतंय?"

"सगळीकडं."

"मग माप बरोबर हाय," ती म्हणाली.

रविवारी मी शेडमध्ये गेले. सरांनी जोड हातात घेतला. तळवा सगळ्या गावच्या दगडांनी घासलेला, नाकावर कुंकू. "हा आता परत जायचा न्हाय," ते म्हणाले. सुप्रिया म्हणाली, जायचाच नव्हता. तिनं पाय घातले, हाताला चॉक चोळला आणि चढली. या वेळी मी पदर डोळ्यांवर घेतला नाही. घ्यायचा होता, पण हात हलेनात. डोक्यावरच्या भागात तिचं अंग सुटलं, दोन्ही हात एका खुंट्याकडं गेले, आणि सगळी पोर एका टाचेवर लोंबकळली. टाच सुटली नाही. खाली उभ्या सरांच्या चष्म्यावर काहीतरी पडलं. त्यांनी बोटानं काढून बघितलं. लिंबाची बी होती.

तिला संघात घेतलं.

गावात माझी पत वाढली ती वेगळीच. पोरं मला बघून रस्ता सोडतात. गिरणीवाला माझं दळण आधी काढून देतो आणि पायलीचे पैसे मागत नाही. ज्यांनी बुटांत पीडा घातली त्यांच्यातल्या दोघांची कामं झाली म्हणतात. परवा एक बाई हळूच विचारून गेली, परत कधी घालणार आहात?

आक्काचे पैसे मी चपात्यांतून थोडे थोडे साठवले आणि काल सगळे एकदम घेऊन गेले. ती ओट्यावर बसली होती. मी हात पुढं केला. तिनं केला नाही.

"खाली ठेव," आक्का म्हणाली. "आणि मागं सर."

मी ओट्यावर नोटा ठेवल्या आणि मागं सरले. आक्कानं काठी उचलली. ती माझीच, कपडे वाळत घालायची. तिनं नोटा काठीनं हळूहळू आपल्याकडं ओढून घेतल्या, मोजल्या, आणि सगळं फिटलं म्हणून मान हलवली.